विद्यामंदिरातील छळ आणि त्याची दाद

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलींचा लैंगिक छळ हा विषय वसंत व्याख्यानमालेत घ्यावा काय, असा प्रश्न आमचे व्याख्यान जाहीर झाल्यावर एकदोघांनी आम्हांला विचारला. विचारणारी माणसे सज्जन होती. त्यांचे म्हणणे एवढेच की, श्रोत्यांत आयाबहिणी असतात, लहान मुले असतात. अशा गोष्टी चारचौघांत बोलण्याजोग्या नाहीत. ह्या शंकेचे उत्तर आधी द्यावे आणि मग विषयाकडे वळावे, असे आम्ही ठरविले आहे.

आपल्याकडची व्याख्यानाची व्यासपीठे अशा विषयांपासून कधी दूर राहिलेली नाहीत. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. त्याच्या आधी महाराष्ट्रातील सभांतून आणि वर्तमानपत्रांतून ह्या प्रश्नावर जे रण माजले, त्यात दहा वर्षांच्या बायकोवर नवऱ्याचा हक्क किती, हाच मुद्दा होता. दोन्ही बाजूंचे विद्वान त्यावर उघडपणे बोलले. तेव्हा बोलण्याला हरकत नव्हती. फक्त जिच्याविषयी बोलणे चालले होते, ती त्या सभेत नव्हती. आज ती समोर बसलेली आहे, एवढाच फरक. आणि तो फरक चांगल्यासाठीच झाला आहे, असे आम्ही मानतो.

आता इतिहासाकडे वळू. आरंभ आपल्या लोहमार्गावरूनच करू. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ साली ती बोरघाट चढून पुण्याकडे गेली. ह्याच मार्गावरील कल्याण गावी १८६५ साली एक मुलगी जन्मली. तिचे नाव पुढे आनंदीबाई जोशी म्हणून सर्वांना ठाऊक झाले. १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, आणि १८८७ साली, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, वारल्या. हे आपण शाळेत शिकतो. परंतु अमेरिकेला जाण्यापूर्वी, १८८३ च्या फेब्रुवारीत, बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी एक भाषण केले, त्यात काय सांगितले हे आपण सहसा शिकत नाही.

आपण परदेशी का जातो, हे सांगताना आनंदीबाईंनी रस्त्यावरच्या अनुभवांचा पाढा वाचला. पायांत बूट आणि हातांत पुस्तके अशी मुलगी शाळेला निघाली की माणसे खिडक्यांतून डोकावून पाहत. वाटसरू भोवती जमून हसत. ओसरीवर बसलेले प्रतिष्ठित लोक टोमणे मारीत, खडे फेकीत. दुकानदार तिच्याकडे पाहून थुंकत आणि सांगण्याजोगे नाहीत असे हावभाव करीत. अठरा वर्षेही पुरी न झालेली एक मुलगी परमुलखातल्या सभेत उभी राहून हे बोलली. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाल्यावर सावित्रीबाई फुल्यांवर शेणमातीचा मारा होई आणि म्हणून त्या बरोबर एक जादा लुगडे बाळगीत, ही हकीकत तर महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते.

ह्या दोन्ही हकीकती आपण फार वर्षे धैर्याच्या कथा म्हणून सांगत आलो. त्या तशा आहेतच. पण धैर्य सोसणाऱ्याचे असते. करणाऱ्याच्या कृत्याला काय म्हणावे, हा विचार आपण केला नाही. ओसरीवरून खडे मारणाऱ्या गृहस्थाच्या त्या कृत्याला त्या काळच्या मराठीत थट्टा, टवाळी, खोडी असे शब्द होते. खोडी मुले काढतात. एखाद्या कृत्याला खोडी म्हटले की ते कृत्य लहान होते आणि तक्रार करणारी मुलगी नसता बाऊ करणारी ठरते.

कायद्याने जो शब्द दिला तोही पुरेसा नव्हता. १८६० च्या दंडसंहितेत स्त्रीच्या लज्जेला धक्का पोचविणे हा गुन्हा ठरविला गेला आणि मराठीत त्याला विनयभंग हा शब्द रूढ झाला. ह्या शब्दाकडे आपण जरा निरखून पाहावे. भंगतो कोणाचा विनय? त्या मुलीचा. म्हणजे करणारा दुसरा आणि मोडले ते हिचे. त्यामुळे चौकशीच्या वेळी पहिला प्रश्न निघतो तो असा की, हिच्यापाशी विनय होता काय? ही तिथे का गेली, कशी हसली, काय नेसली? अब्रू गेली हा वाक्प्रचारही त्याच जातीचा. चोरी झाली तर घरमालकाची अब्रू गेली असे आपण म्हणत नाही. लैंगिक छळ हा शब्द पुष्कळ उशिरा आला. कानाला तो रूक्ष लागतो. पण त्याचा एक गुण मोठा आहे. छळ म्हटला की छळणारा समोर येतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, आणि स्त्रियांना त्याचे दार उघडायला १८८३ साल उजाडले. दार उघडले म्हणजे आत जागा मिळाली असे नव्हे. कॉर्नेलिया सोराबजी ह्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाल्या. परीक्षेतील त्यांच्या क्रमांकाला विलायतेत शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची. ती स्त्री म्हणून त्यांना नाकारली गेली. पुढे इतरांनी जमविलेल्या पैशावर १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. रस्त्यावरचा माणूस खडा मारतो तेव्हा तो दिसतो. संस्था नाकारते तेव्हा कोणा एकाचा हात दिसत नाही. छळ आणि संस्था ह्यांचे नाते समजून घ्यायला हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

जगातही ह्या छळाला नाव मिळायला फार उशीर झाला. अमेरिकेतील इथाका ह्या गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. तेथे काम करणाऱ्या एका बाईने वरिष्ठाच्या अंगचटीला कंटाळून नोकरी सोडली. बेकारभत्ता मागताना नोकरी का सोडली ह्या रकान्यात काय लिहावे, हे तिला कळेना. कारण त्या गोष्टीला शब्दच नव्हता. १९७५ साली तेथील स्त्रिया एकत्र जमल्या, एकेक जण आपला अनुभव सांगू लागली, आणि त्या चळवळीतून आज आपण लैंगिक छळ म्हणतो तो शब्दप्रयोग इंग्रजीत रुळला. १९७७ साली येल विद्यापीठाच्या विद्यार्थिनी कोर्टात गेल्या. त्यांचे म्हणणे असे की, प्राध्यापकाने गुणांच्या बदल्यात भलती मागणी करणे हा शिक्षणातील भेदभाव आहे. १९८० साली त्या खटला हरल्या. पण खटला चालू असतानाच विद्यापीठाला तक्रार ऐकण्याची व्यवस्था उभारावी लागली आणि त्यांचे म्हणणे पुढे कायद्याने मान्य केले. हरलेला खटलाही कधी कधी वाट पाडून जातो.

आपल्या महाराष्ट्रात अशी वाट एका आदिवासी मुलीच्या खटल्याने पाडली. १९७२ च्या मार्चमध्ये, त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील देसाईगंज येथे, पोलीस ठाण्याच्या आवारातच तिच्यावर अत्याचार झाला. मथुरा प्रकरण ह्या नावाने ते ओळखले जाते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती असावी, असा तो तर्क होता.

ह्या निकालाविरुद्ध बोलले कोण? १६ सप्टेंबर १९७९ रोजी कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार ही त्यांची नावे. सर्वोच्च न्यायालयाला असे जाहीर पत्र लिहिण्यात जोखीम होती. त्यांनी विचारले ते एवढेच की, गप्प राहणे म्हणजे संमती देणे काय? वर्दीतल्या माणसापुढे एक गरीब मुलगी गप्प राहते, ती भीतीने. पत्राने निकाल फिरला नाही, परंतु गावोगावच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. भीतीपोटी गप्प राहणे आणि होकार देणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या पत्रामुळे देशाला कळू लागले. महाविद्यालयातील छळ ओळखण्याची गुरुकिल्लीही हीच आहे, म्हणून आम्ही येथे थोडे थांबलो.

आपल्या लोकलच्या मार्गावरची आणखी एक घटना सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९० साली उल्हासनगरात, परीक्षेच्या केंद्रातच, एका विद्यार्थिनीला तिच्या मागे लागलेल्या तरुणाने जाळून मारले. भोवती परीक्षेला बसलेली मुले होती. मागे लागणे ह्या शब्दांतही खोडीचाच वास आहे. सिनेमात नायक नायिकेच्या मागे लागतो आणि शेवटी ती हसते. ती हसत नाही, आणि तो थांबत नाही, तेव्हा काय होते, हे उल्हासनगराने पाहिले.

१९९२ साली राजस्थानात भटेरी गावच्या भंवरीदेवी ह्या सरकारी योजनेतील साथिनीवर, बालविवाह थांबवू पाहिल्याबद्दल, सामूहिक अत्याचार झाला. त्यातून निघालेल्या विशाखा अर्जावर १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्या पीठावर न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या, ज्या पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायमूर्ती झाल्या होत्या. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होऊ न देणे ही मालकाची जबाबदारी आहे आणि तक्रार ऐकायला प्रत्येक ठिकाणी समिती हवी, असे ह्या निकालाने ठरविले.

निकाल झाला, समित्या मात्र झाल्या नाहीत. तेव्हा पुण्याच्या आलोचना ह्या संस्थेच्या मेधा कोतवाल लेले ह्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि विशाखाची आज्ञा कोठे कोठे मोडली जाते हे दाखवून दिले. त्या पत्रालाच न्यायालयाने अर्ज मानले. २०१२ च्या ऑक्टोबरात निकाल देऊन सर्व राज्यांना ताकीद झाली, आणि २०१३ साली संसदेने कायदा केला. तो ९ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. महाविद्यालये आणि विद्यापीठे ह्यांच्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे वेगळे नियम २ मे २०१६ रोजी प्रसिद्ध झाले. मोर्चे निघाले, ते आवश्यकच होते. परंतु ह्या इतिहासात दोनदा एका साध्या पत्राने काम केले आहे, हे ध्यानात घ्या. कोणीतरी ऐकले, ते मनावर घेतले आणि लिहिले.

आता ह्या नियमांत काय आहे, ते नागरिकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे. छळाची खूण एकच: जे वागणे समोरच्याला नकोसे आहे आणि ज्याचे स्वरूप लैंगिक आहे, ते वागणे. त्यात अंगाला हात लावणे आले, द्वयर्थी बोलणे आले, अश्लील चित्रे दाखविणे किंवा मोबाईलवर पाठविणे आले. प्रात्यक्षिकाचे गुण, हजेरी, शिफारसपत्र ह्यांच्या बदल्यात काही मागणे आले, आणि नकार दिल्यावर मुलीला नापास करण्याची धमकी देणेही आले. कोणी स्पर्श केला नाही, पण वर्गातले बोलणे आणि वागणे असे केले की मुलीला तेथे बसणेच अशक्य व्हावे, तरी तो छळच. मी गमतीने बोललो, हा त्यावर बचाव होत नाही. हा छळ मुख्यतः मुलींच्या वाट्याला येतो. पण मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही त्याला बळी पडतात, हे आयोगाच्या नियमांत स्पष्ट मान्य केले आहे.

प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्या तरी सभासद स्त्रिया, आणि एक सभासद संस्थेबाहेरचा. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर विद्यार्थ्यांनी निवडलेले प्रतिनिधीही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावी. योग्य कारण असेल तर मुदत आणखी तीन महिने वाढते. मुलीला लिहिणे जमत नसेल तर लिहून घेण्यास मदत करणे हे समितीचे काम आहे. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी. तोवर, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या शिक्षकाने त्या मुलीचे पेपर तपासू नयेत, तिच्यापासून दूर राहावे, असा हुकूम समिती करवून घेऊ शकते. नावे गुप्त राहतात. समेट फक्त मुलीने मागितला तरच. आणि त्यात पैशाची देवघेव चालत नाही. आपल्याकडे बंद खोलीत जी मांडवली होते, तिला कायद्यात जागा नाही. तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. आणि पोलिसांकडे जाण्याची वाट वेगळी खुली राहतेच. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही लैंगिक छळ आणि पाठलाग हे गुन्हे आहेत.

येथे कोणी विचारील की, ज्याच्यावर आरोप आहे त्याचे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गोव्याने दिले आहे. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ साली विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने चौकशी केली आणि विद्यापीठाने त्यांना बडतर्फ केले. मुंबई उच्च न्यायालयाने बडतर्फी कायम ठेवली. पण १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण समितीने चौकशी घाईने उरकली होती आणि आरोपीला आपली बाजू मांडण्यास पुरेसा वाव दिला नव्हता. प्रकरण पुन्हा समितीकडे गेले. चौदा वर्षांनी! ह्यात आरोपीलाही न्याय मिळाला नाही आणि मुलींनाही नाही. ज्या मुलींनी विद्यार्थिनी म्हणून तक्रार केली, त्या तोवर संसाराला लागलेल्या असणार. नीट चौकशी ही आरोपीवर केलेली मेहेरबानी नव्हे. ती तक्रार करणारीचाच आधार आहे. त्याच निकालात न्यायालयाने देशभरच्या विद्यापीठांना आणि संस्थांना समित्या तपासून पाहण्याचा आदेश दिला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा जिल्ह्याजिल्ह्यांना स्थानिक समित्या आणि तालुक्याला तक्रार घेणारा अधिकारी नेमण्याचे बजावले.

हा शेवटचा मुद्दा कर्जत आणि खालापूर ह्या दोन तालुक्यांना फार जवळचा आहे. जेथे दहाहून कमी माणसे काम करतात अशा ठिकाणची, किंवा प्रत्यक्ष मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आपला जिल्हा रायगड आणि ठाणे अलिबागला. कर्जतच्या मुलीने खोपोली, पेण असा प्रवास करून अलिबाग गाठायचे, ही गोष्ट बोलायला सोपी आहे. म्हणून कायद्याने तालुक्यालाच अधिकारी ठेवावयास सांगितले. त्याने तक्रार घ्यावी आणि सात दिवसांत पुढे पाठवावी. तो अधिकारी कोण, त्याच्या नावाची पाटी कोठे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे, ते ज्याचे त्याने मनाशी पाहावे.

पण पाटी लागली, समिती बसली, तरी एक अडचण राहतेच. कशेळ्याच्या पलीकडच्या एखाद्या वाडीतली मुलगी डोळ्यांसमोर आणा. ठाकर किंवा कातकरी घरातली, कॉलेजात गेलेली घरातली पहिलीच. सकाळी एस.टी. नाहीतर सहा आसनी रिक्षा, मग लोकल, मग वर्ग. किंवा वावोशीकडची, खोपोलीला शिकणारी एखादी शेतकऱ्याची मुलगी घ्या. हिला वर्गात, ग्रंथालयात किंवा वाटेत त्रास झाला तर ती प्रथम कोणाला भिते? छळणाऱ्याला भितेच, पण त्याहून अधिक भिते ती घराला. आईला सांगितले तर बापाला कळेल, बापाला कळले तर उद्यापासून कॉलेज बंद, आणि येत्या मोसमात लग्न. म्हणून ती बोलत नाही. एखादा तास चुकवते, एखादा विषय सोडते, पहिल्या डब्यातून उतरून दुसऱ्यात बसते. आम्ही म्हणतो, मुलीचे अभ्यासात लक्ष नाही.

आनंदीबाईंना हसणारे लोक तिला शाळेतून काढू पाहत होते. आज छळणाऱ्याला ते काम करावे लागत नाही. मुलीवरच्या मायेने आम्ही घरचे लोकच ते करून टाकतो. ज्याने गुन्हा केला तो वर्गात राहतो आणि जिच्यावर झाला ती घरी बसते. ह्याला काळजी म्हणावे काय?

आमच्या अभ्यासातून आम्हांला एक गोष्ट दिसली. ह्या इतिहासात जेथे जेथे दाद मिळाली, तेथे तेथे आरंभी कोणीतरी नीट ऐकणारे भेटले होते. म्हणून उद्या कोणाची मुलगी, बहीण, विद्यार्थिनी किंवा मैत्रीण असे काही सांगू लागली तर तिचे बोलणे पुरते ऐकावे. तू तिथे का गेलीस, हा प्रश्न गिळून टाकावा. तारीख, वेळ, ठिकाण, जवळपास कोण होते, हे तिच्याकडून त्याच दिवशी लिहून घ्यावे. मोबाईलवरचे निरोप पुसू देऊ नयेत. तिला काय करावेसे वाटते ते विचारावे आणि समितीकडे जायचे तर बरोबर जावे. महाविद्यालयांच्या चालकांना आमची एक विनंती आहे: समितीच्या सभासदांची नावे कार्यालयाच्या आत नव्हे, फाटकापाशी, मराठीत लावावीत, आणि वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात मुलांना आणि मुलींना एकत्र बसवून हे नियम सांगावेत. मुलांनाही, कारण खोडी कोठे संपते आणि छळ कोठे सुरू होतो, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

आणि घरच्या वडीलधाऱ्यांना एवढेच सांगणे की, मुलीने तोंड उघडले तर तिला पहिले वाक्य असे ऐकू यावे: तुझे कॉलेज बंद होणार नाही. ह्या एका आश्वासनावाचून कायदा, समिती आणि आमचे हे व्याख्यान, सारेच तिच्या दृष्टीने व्यर्थ आहे.